‘दिसते ना, मग झाले!’ : संकेतस्थळांच्या मानकांचा दुर्लक्षित इतिहास

१/ संकेतस्थळ मानकांनुसार बांधलेले असावे, ते हलके आणि वेगवान असावे, असे म्हटले की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले : ‘हे तंत्रज्ञांचे सोवळेओवळे आहे.’ दुसरे : ‘माझ्या फोनवर दिसते ना, मग झाले!’ या सूत्रात दुसऱ्या उत्तराचा समाचार घ्यायचा आहे. पहिले त्याच ओघात निकालात निघेल. हे इतिहासाच्या सूत्रात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, ‘मला दिसते’ हे विधान पुरावा म्हणून किती तोकडे असते, हे आपल्या विद्याशाखेइतके दुसरे कोणी जाणत नाही.

२/ प्रारंभापासून पाहू. मार्च १९८९. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, काम करत आणि निघून जात. त्यांची टिपणे वेगवेगळ्या जातींच्या संगणकांत अडकून पडत. एका यंत्रावरचे दुसऱ्याला वाचता येत नसे. टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेला प्रस्ताव या अडचणीवरचा होता. त्यातून पुढे जे वेब उभे राहिले, त्याचे तत्त्व साधे होते : मजकुरात शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, दुवा कोणता एवढे लेखकाने सांगावे, ते कसे दाखवायचे हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवावे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुले केले.

म्हणजे ‘कोणत्याही यंत्रावर वाचता यावे’ ही मागाहून चिकटवलेली नीती नव्हे. वेब निर्माण झाले तेच त्यासाठी.

३/ पुढची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. नेटस्केप १९९४ च्या अखेरीस आले, मायक्रोसॉफ्टचे इंटरनेट एक्स्प्लोरर १९९५ मध्ये. दोघांत युद्ध जुंपले, नेटस्केप हरले. लोकप्रिय कथनात एक नायक असतो, एक खलनायक असतो आणि शेवटी एक पानिपत असते. मला हे कथनच मान्य नाही. मजकूर लुकलुकवणारी ‘ब्लिंक’ ही खूण नेटस्केपची आणि तो आडवा पळवणारी ‘मार्की’ मायक्रोसॉफ्टची. मानकांची वाट न पाहता मनाला येईल ते घुसवण्यात दोन्ही पक्ष सारखेच होते. वेबचे मानक ठरवणारी डब्ल्यू३सी ही संस्था १९९४ मध्येच स्थापन झाली होती आणि रूपसज्जेचे सीएसएस हे मानक डिसेंबर १९९६ मध्ये तिने प्रसिद्धही केले होते. ते पाळण्याची घाई कोणालाच नव्हती.

४/ याहून महत्त्वाची गोष्ट या कथनात येतच नाही. ब्राउझर चुका पोटात घालत असत. खूण बंद करायची राहिली, एकीत दुसरी चुकीची गुंफली, तरी पान कसेबसे दिसावे अशी योजना त्यांत होती. हेतू चांगला होता. परंतु प्रत्येक ब्राउझर चूक आपापल्या रीतीने पोटात घाली. त्यामुळे एकीकडे ठाकठीक दिसणारे पान दुसरीकडे विस्कटे. मग बांधणाऱ्यांनी चूक दुरुस्त करण्याऐवजी पहिल्याच पानावर पाटी लावली की, हे स्थळ अमुक ब्राउझरमध्ये आणि अमुक रुंदीच्या पडद्यावरच पाहावे. ‘दिसते ना, मग झाले’ या वृत्तीचा जन्म येथला. तिच्याविरुद्ध १९९८ मध्ये काही संकेतस्थळकारांनी ‘वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट’ ही चळवळ उभी केली. तरीही २००१ चा इंटरनेट एक्स्प्लोरर ६ तब्बल पाच वर्षे, म्हणजे २००६ पर्यंत, जवळजवळ तसाच राहिला. प्रतिस्पर्धी उरला नव्हता, मग सुधारणा कोणासाठी करायची?

५/ आता दक्षिण कोरिया. हे उदाहरण मला फार बोलके वाटते, कारण येथे कोणी आळशी नव्हते. उलट सगळे फार कार्यक्षम होते.

नव्वदच्या दशकात अमेरिका सशक्त सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर निर्बंध घालत असे; बाहेरच्या देशांना मिळणारे ब्राउझर या बाबतीत दुबळे असत. कोरियाने १९९८ मध्ये स्वतःची ‘सीड’ ही पद्धत तयार केली. परंतु ती कोणत्याही ब्राउझरच्या पोटात नव्हती, म्हणून बाहेरून जोडावी लागे. ती जोडणी मुख्यतः ॲक्टिव्ह-एक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राने होऊ लागली आणि ॲक्टिव्ह-एक्स चाले केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. बँक, खरेदी, सरकारी कामे सारे त्यावर बेतले गेले.

६/ अमेरिकेचे निर्बंध पुढे सैल झाले, कारण नाहीसे झाले. व्यवस्था मात्र राहिली. जगातील सर्वांत वेगवान इंटरनेट असलेल्या देशांपैकी एक, आणि त्याचे नागरिक एका परदेशी कंपनीच्या जुन्या ब्राउझरला बांधलेले! मार्च २०१४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी एका बैठकीत तक्रार केली की, गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतील नायिकेचा कोट चीनमधल्या चाहत्यांना हवा आहे, पण कोरियन संकेतस्थळांवरून त्यांना तो विकत घेता येत नाही. प्रमाणपत्रांच्या त्या व्यवस्थेचे कायदेशीर विशेष स्थान संपायला डिसेंबर २०२० उजाडावा लागला.

‘सध्या सगळे हाच ब्राउझर वापरतात’ असे आज कोणी म्हणाले की मला तो कोट आठवतो.

७/ ‘मानके पाळणे परवडत नाही’ हा आणखी एक आक्षेप. त्याचा निवाडा २००० मध्येच झाला आहे. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावरील चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता. चित्रात काय आहे ते शब्दांत सांगणारी ही ओळ असली, तर दृष्टिहीन वाचकाचे यंत्र ती वाचून किंवा ब्रेलमध्ये उमटवून दाखवते. ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. आयोजकांचा बचाव असा की, दुरुस्तीला एका माणसाचे वर्षभराहून अधिक काम आणि अफाट पैसा लागेल. तज्ज्ञांनी साक्षीत सांगितले की काम काही आठवड्यांचे आहे. आयोगाने तक्रार उचलून धरली आणि पुढे वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार तेथे घेतला गेला, ती मे १९९९ पासून प्रसिद्ध होती. आपल्या केंद्र सरकारनेही शासकीय संकेतस्थळांसाठी अशी तत्त्वे २००९ मध्ये काढली आहेत. ती किती पाळली जातात, हे कोणत्याही दोन-चार शासकीय स्थळांवर नुसत्या कळफलकाने, माउसला हात न लावता, फिरून पाहावे.

८/ आता वेग. येथे एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण तो मुळात पुराव्याच्या स्वरूपाविषयीचा धडा आहे.

यूट्यूबमधील अभियंता ख्रिस झकारायस यांच्या लक्षात आले की, एक चित्रफीत पाहण्याचे पान सुमारे १.२ मेगाबाइटचे झाले आहे. काटछाट करून त्यांनी ते १०० किलोबाइटच्या आत आणले. ते काही वापरकर्त्यांना देऊन आठवडाभराने आकडे पाहिले, तर पान उघडण्याची सरासरी वेळ घटण्याऐवजी वाढलेली! पान बारा पटींनी हलके, आणि आकडेवारी म्हणते ते मंदावले.

९/ उलगडा भूगोलाने झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सैबेरिया अशा प्रदेशांतून येणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली होती. त्यांना हलके पानही दोन मिनिटांहून अधिक वेळ घेई. पण निदान उघडे. जुने पान त्यांच्याकडे कधी पूर्ण उघडतच नसे, त्यामुळे जुन्या सरासरीत ते नव्हतेच.

मित्रहो, हे आपण दप्तरखान्यात रोज अनुभवतो. ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांचेच कागद उरतात आणि त्यावरून काढलेली ‘सरासरी’ त्या काळाची म्हणून खपते. ‘आमच्या वाचकांची काही तक्रार नाही’ असे जो संकेतस्थळचालक म्हणतो, तो पोहोचलेल्यांचीच शिरगणती करत असतो. तक्रार नोंदवण्याचे पान तरी न पोहोचलेल्यांपुढे कधी उघडले होते?

१०/ आणि आपली मराठी. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी मजकूर वेबवर आला, तो बहुधा आठ-बिटी टंकांतून. त्यातली युक्ती अशी : संगणकात साठवायचे रोमन अक्षर आणि टंकाने त्या जागी देवनागरी आकार काढायचा. कृतिदेव टंकात ‘मराठी’ हा शब्द साठवला जातो तो ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात. पडद्यावर ‘मराठी’, पोटात निरर्थक रोमन. त्यातही प्रत्येक उत्पादकाची सांकेतिक मांडणी वेगळी. एकाच्या टंकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की गिचमिड. वृत्तस्थळे मग पानासोबत टंकही पाठवत. पण इंटरनेट एक्स्प्लोररला तो एका स्वरूपात लागे आणि नेटस्केपला दुसऱ्या.

११/ वस्तुतः देवनागरीचे मानक तेव्हा उपलब्ध होते. इस्की हे भारतीय मानक १९९१ चे. त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, आणि तीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली. तथापि १९९८ च्या संपादकाला आज दोषी ठरवणे हा कालविपर्यास होईल. घरोघरीच्या विंडोज ९८ वर देवनागरी युनिकोड सरळ चालत नव्हती. ती सोय विंडोज २००० पासून आली. त्या संपादकाने हाती होते त्यात मराठी पडद्यावर आणली, याबद्दल त्याचे ऋण मानावे. माझा रोष आहे तो त्यानंतर वर्षानुवर्षे, युनिकोड हाताशी असताना, जुन्याच टंकांत मजकूर घडवत राहिलेल्यांवर आणि संग्रह रूपांतरित न करता सोडून देणाऱ्यांवर.

१२/ परिणाम काय झाला? तो मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून सापडत नाही. वाचून दाखवणारे यंत्र रोमन अक्षरे बरळते. पीडीएफमधून एक वाक्य उचलावे तर हाती चिन्हांचा चुरा येतो. टंकाची फाइल आणि तिची सांकेतिक मांडणी हाती असेल तर रूपांतर शक्य आहे. ती हरवली की काम मोडीच्या वाचनाहून अवघड, कारण मोडी निदान परंपरेने शिकवली जाते. चारशे वर्षांपूर्वीचे पत्र आपण वाचतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या बातमीपुढे अडखळतो.

(मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले आहे. ही वार्ता इतिहासप्रेमींच्या समूहांत किती जणांना ठाऊक आहे?)

१३/ म्हणूनच आजच्या इतिहासविषयक पानांविषयी कठोर बोलणे भाग आहे. आपण जुनी चूक नव्या वेषात करत आहोत. किल्ल्याची माहिती रंगीत चित्रावर अक्षरे छापून द्यायची, ताम्रपटाचे वाचन छायाचित्राच्या रूपात डकवायचे, व्याख्यानाचा मजकूर पडद्याचे चित्र काढून फिरवायचा. त्यात शोध नाही, नक्कल नाही, दृष्टिहीनाला प्रवेश नाही. आणि वजन? देवनागरीचे एक चिन्ह युटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत तीन बाइटांचे. या संपूर्ण सूत्राचा मजकूर तीस-पस्तीस किलोबाइटांत मावतो. सर्व्हरने दाबून पाठवला तर त्याच्याही अंशात. फोनने काढलेले एकच छायाचित्र न आकसता चढवले तर त्याच्या कैक पट जागा खाते.

१४/ ‘आता डेटा स्वस्त आहे’ हे यावरचे हमखास उत्तर. डेटा स्वस्त झाला, हे खरे. फोनमधला प्रोसेसर त्यामुळे बदलला नाही. जावास्क्रिप्टची फाइल उतरवून भागत नाही, ती उलगडून चालवावी लागते, आणि ते काम पाच-सहा वर्षे जुन्या स्वस्त फोनलाच करायचे असते. स्टीव्ह सौडर्स यांनी २००७ मध्येच दाखवून दिले की, वाचकाला लागणाऱ्या वेळेतील ऐंशी-नव्वद टक्के वेळ सर्व्हरमध्ये नव्हे, पान वाचकाकडे जुळवण्यात जातो. तेव्हा महागडा सर्व्हर घेतल्याच्या बढाया पुरे. चित्रे आकसा, त्यांची लांबी-रुंदी आधी सांगा म्हणजे वाचता वाचता ओळी उड्या मारणार नाहीत. खालची चित्रे वाचक तेथे पोहोचेपर्यंत थांबवा. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकांच्या फाइली मोठ्या असतात. तो उतरेपर्यंत कित्येक ब्राउझर मजकूर लपवून ठेवतात. तोवर फोनमधल्याच टंकात मजकूर दाखवण्याची सूचना सीएसएसमध्ये एका ओळीत देता येते.

१५/ आणखी एक ओळ, जी असंख्य मराठी पानांत चुकलेली असते. पानाच्या आरंभी भाषा कोणती ते सांगायचे असते. तयार साचा उचलल्यामुळे तेथे इंग्रजीच राहते. मग वाचून दाखवणारे यंत्र इंग्रजी आवाजात मराठी वाचू पाहते किंवा गप्प राहते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत. ज्या टंकांत दोन्हींची सोय आहे, ते भाषा पाहून मराठी वळण निवडतात. भाषा सांगितलीच नाही तर निवडणार कसे? मराठी अस्मितेवर रोज लिहिणाऱ्या स्थळांनी आपल्या पानाची पहिली ओळ एकदा उघडून पाहावी.

१६/ १९९६ मध्ये ‘स्पेस जॅम’ या चित्रपटासाठी केलेले संकेतस्थळ आजच्या फोनवरही उघडते. ते सुंदर नाही. साध्या एचटीएमएलमध्ये आहे एवढेच. याउलट फ्लॅशमध्ये बांधलेली देखणी स्थळे, ज्यांत संग्रहालयांच्या आभासी सफरीही होत्या, ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपताच बंद पडली. त्यांतील काहीच हौशी जतनकर्त्यांच्या कष्टाने वाचली.

१७/ या मालिकेतील पुढच्या सूत्रात पेशवे दप्तरातील कागद येतील. प्रत्येक छायाचित्राला पर्यायी मजकूर असेल आणि खाली पूर्ण वाचन युनिकोडमध्ये दिलेले असेल. इतिहासाची पाने चालवणाऱ्यांनी आपापल्या शेवटच्या दहा चित्रांपासून हेच करायला घ्यावे. दहा चित्रांना एक संध्याकाळ लागते.