परीक्षा चालू आहे, बाहेर थांबा

सरत्या वर्षाचा आढावा थोडक्यात उरकतो. दिल्लीत ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं, पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले, शिवरायांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, नारळीकर गेले आणि सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्याचं हातातोंडाशी आलेलं पीक नेलं. यांतल्या बहुतेकांवर अंकात कुणी ना कुणी लिहिलं आहे. संपादकाच्या डोक्यात मात्र वर्षभर एकच भुंगा होता: विद्यापीठांतले कला विभाग चालवतं कोण?

पुण्याच्या ललित कला केंद्रात २ फेब्रुवारी २०२४ रोजी रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतींवरचं नाटक अभाविपच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडलं. पुढे विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. नाटक बरं होतं की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. ते परीक्षेचं नाटक होतं. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये शिरून कुणी परीक्षानळी फोडली असती, तर विद्यापीठानं आधी कुणाची चौकशी केली असती?

बडोद्याचा धडा त्याहून जुना. सयाजीरावांच्या नावाच्या त्या विद्यापीठात नारायण श्रीधर बेंद्र्यांनी चित्रकला विभाग उभा केला. तिथे मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली. निषेध म्हणून मुलांनी विभागाच्याच संग्रहातल्या, भारतीय परंपरेतल्या शृंगारिक शिल्पचित्रांच्या प्रतिमा मांडल्या. ते प्रदर्शन बंद करा, असा वरून आदेश आला. शिवाजी पणिक्कर तेव्हा नुसते प्रभारी अधिष्ठाता. त्यांनी नकार दिला आणि ते निलंबित झाले. अकरा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच विद्यार्थ्याला कुलगुरूंच्या कार्यालयाला आग लावल्याच्या आरोपावरून पुन्हा अटक झाली. तोवर त्याचा निकालच लागलेला नव्हता. आग लावण्याचं समर्थन कोण करेल? पण अकरा वर्षं एक निकाल दाबून ठेवणाऱ्या प्रशासनाला काय म्हणायचं, तेही कुणीतरी सांगावं.

गंमत अशी, की कायम नेमणुकीतल्या माणसांना जे जमत नाही ते कधीकधी प्रभारी करतो. म्हणून सगळंच प्रभारींवर सोडायचं का? ज्याला आज ना उद्या खुर्ची सोडायचीच आहे, त्यानं कुणाशी भांडण का ओढवून घ्यावं? त्यातून त्याचा दिवस जातो तबल्याची पुडी बदलायला तीन कोटेशनं गोळा करण्यात. सतीश आळेकरांनी ललित कला केंद्र बारा-तेरा वर्षं सांभाळलं. विभागाला वळण लागायला एवढा काळ एक माणूस टिकावा लागतो, आणि तो स्वतः कलावंत असला तर फाइलवर सही करताना आपण कशावर सही करतोय हे त्याला कळतं.

आमच्या कलावंत मित्रांना पुढचं रुचणार नाही. बाहेरच्या झुंडीपुढे ताठ उभा राहणारा प्रमुख आतल्या ‘गुरुजीं’पुढे अनेकदा वितळतो. एखादी विद्यार्थिनी तक्रार घेऊन आली की त्याला परंपरा आठवते, घराणं आठवतं, गुरुजींची साधना आठवते. तक्रार अंतर्गत समितीकडे पाठवायला कसली साधना आड येते? स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या विभागात मुलींना नीट शिकता येत नसेल, तर झुंडीविरुद्धच्या आमच्या सह्याही पोकळच.

यंदाच्या अंकाचा विषय ‘उंबरठा’. तो जानेवारीतच ठरला होता, तेव्हा यातलं काही मनात नव्हतं. ओढूनताणून संबंध जोडतोय असं वाटलं तर तसंच समजा. कुलगुरूंच्या निवड समित्यांना मात्र एक सुचवणं आहे. उमेदवाराला पुढच्या वीस वर्षांचा आराखडा जरूर विचारा. त्याआधी हे विचारा, की कला विभागात परीक्षेचा प्रयोग चालू आहे, दाराशी पन्नास माणसं जमली आहेत आणि मंत्रालयातून फोन वाजतोय. तुम्ही आधी कुठे जाल?

उत्तर काय येतं ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू. दीपावलीच्या शुभेच्छा!