म्हणे, सहन करायचं असतं!

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मुंजीला गेले होते. जेवणं उरकली होती. मंडळी हॉलच्या कोपऱ्यात खुर्च्या ओढून गप्पा मारत बसली होती. माझी भाची काहीतरी तुटक बोलली, तेव्हा नात्यातले एक गृहस्थ म्हणाले, "जपून हं, तारीख जवळ आलेली दिसतेय! आमच्याकडेही महिन्यातले आठ दिवस कर्फ्यू असतो." सगळे हसले. सवयीने मीसुद्धा हसले. भाची उठली, हात धुवायला म्हणून गेली आणि तासभर परत आली नाही.

त्या विनोदाला उत्तर तिथल्या तिथे द्यायला हवं होतं. पस्तीस वर्षं वर्गात बोलले, पण चारचौघा नातेवाइकांत तोंड उघडलं नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे. विषय वाचून कुणाला संकोच वाटला तर वाटू दे. माझं वय सत्तरीच्या पुढे गेलंय, मला आता कसला संकोच!

भाची छत्तीस वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी करते. हुशार, हसरी मुलगी. पण पाळी यायच्या आधीचे आठ-दहा दिवस ती वेगळीच व्हायची. छाती जड, पोट फुगलेलं, झोप उडालेली. पोरावर जिवाच्या आकांताने ओरडायची आणि मग त्याला जवळ घेऊन रडायची. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत आभाळ स्वच्छ व्हावं तशी पुन्हा आपली आपण.

तिने सांगितलं नाही असं नाही. सगळ्यांना सांगितलं. आई म्हणाली, बाईच्या जातीला सहन करायचंच असतं. एक डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की बरं होईल. लग्न झाल्यावर दुसरे म्हणाले, एक मूल होऊ दे. मूल झालं. तिसऱ्यांनी रक्त तपासलं, हार्मोन्स नॉर्मल आले, म्हणून म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही," आणि व्हिटॅमिनची बाटली लिहून दिली. आणि मी? मी शिकलेली मावशी. मी म्हटलं, "अगं, मन कशात तरी गुंतव. रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणत जा."

एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "मावशी, मला गॅलरीत उभं राहायची भीती वाटतेय." एवढंच म्हणाली. वाचकहो, त्या वाक्यानंतर माझी सगळी शहाणपणाची वाक्यं गळून पडली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा तिला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी आधी ती रात्र नीट विचारून घेतली, घरच्यांना सावध केलं, मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवून दिली. आणि मग एक साधी गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कुणीच सांगितली नव्हती. रोज रात्री वहीत लिहायचं: तारीख, पाळीचा कितवा दिवस, झोप, चिडचिड, उदासी, अंगदुखी, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. असं सलग दोन महिने.

मी शिक्षिका. हजेरीपट मांडण्यात आयुष्य गेलं. भाचीने ती वही दाखवली तेव्हा मला एका नजरेत सगळं दिसलं. महिन्याचा पहिला भाग जवळजवळ कोरा, पाळीच्या आधीचे नऊ दिवस चार आणि पाच, मग पुन्हा शून्य. दोन्ही महिने तसंच. कुणाची मजाल आहे याला नखरे म्हणायची? नखरे इतके तारखेबरहुकूम येत नाहीत.

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," असं माझ्याच वयाच्या बायका म्हणतात. होतं हो! रॉबर्ट फ्रँक या अमेरिकन डॉक्टरांनी १९३१ साली यावर निबंध लिहिला. १९५३ साली इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी त्याला आज रूढ असलेलं नाव दिलं. त्याचं तीव्र रूप, ज्याला पीएमडीडी म्हणतात, ते २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या प्रमाणग्रंथात स्वतंत्र आजार म्हणून आलं, आणि आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आहे. थोडाफार त्रास पुष्कळ बायकांना होतो. हे तीव्र रूप शंभरातल्या दोन ते पाच जणींना.

आमच्या घरी पाळीचे दिवस काटेकोर मोजले जायचे. कावळा शिवला की बाहेर बसायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी. ते दिवस मोजले, कारण ते घराच्या सोवळ्याचे होते. आधीचे आठ दिवस फक्त त्या बाईचे होते, म्हणून ते कुणी मोजलेच नाहीत.

हार्मोन्स नॉर्मल असताना त्रास कसा? हे भाचीने मला समजावून सांगितलं. स्त्रीबीज सुटल्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि पाळीच्या आधी उतरतं. ते सगळ्याच बायकांत होतं. पण काहींचा मेंदू त्या नेहमीच्याच चढउताराला जास्त तीव्र प्रतिसाद देतो. म्हणजे दोष हार्मोनच्या प्रमाणात नसतोच. म्हणून रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ बाई खोटं बोलते असा होत नाही. थायरॉइड आणि रक्तक्षय मात्र जरूर तपासावा, कारण त्यांनीही थकवा आणि उदासी येते.

आता उपायांकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. उपाय आहेत, आणि आपण बायकांना ते सांगत नाही!

त्रास बेताचा असेल तर नियमित व्यायाम, पुरेशी झोप आणि कॅल्शियम यांचा काही जणींना उपयोग होतो. विचारांची गाठ सोडवायला शिकवणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे, तिचाही होतो. त्रास तीव्र असेल तर फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन अशी औषधं आहेत. ती नैराश्यावरही देतात, पण तिथे गुण यायला काही आठवडे लागतात; या त्रासात बऱ्याचदा काही दिवसांतच फरक पडतो. म्हणून काही जणींना ती रोज न देता फक्त पाळीच्या आधीचे दोन आठवडे देतात. अमेरिकेत २००० साली फ्लुओक्सेटिनला खास या आजारासाठी मान्यता मिळाली. २००६ साली ड्रोस्पिरेनोन असलेल्या एका गर्भनिरोधक गोळीलाही मिळाली. ती मात्र सगळ्यांना चालत नाही. रक्ताच्या गाठी होऊन गेल्या असतील, डोळ्यांपुढे काजवे चमकणारी अर्धशिशी असेल, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल तर नाही. हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, मेडिकलवाल्याच्या नव्हे.

आणि बाजारात काय खपतं? इव्हनिंग प्रिमरोजचं तेल, जे अभ्यासात टिकलं नाही. बी-सहा जीवनसत्त्व, ज्याचा पुरावा कच्चा आहे आणि जे महिनोन् महिने मोठ्या मात्रेत घेतलं तर हातापायांच्या नसांना इजा होते. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." वाचकहो, हा चढउतार बीजांडकोशामुळे होतो. नुसती गर्भपिशवी काढली तर पाळी थांबते, चढउतार चालूच राहतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, सरकारला समिती नेमावी लागली. तिथली कारणं वेगळी होती, गरिबीची आणि बुडणाऱ्या मजुरीची. पण बाईच्या तक्रारीला पिशवी काढणं हे उत्तर आपल्याकडे किती स्वस्त झालंय, ते त्यातून कळलं.

भाचीला मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी दिली तेव्हा विरोध कुणी केला असेल? मीच. "वेड्यांच्या गोळ्या कशाला? सवय लागेल." ती शांतपणे म्हणाली, "मावशी, तू गेली बारा वर्षं ब्लडप्रेशरची गोळी घेतेस. तुला सवय लागली का?" मी गप्प. पहिले काही दिवस तिला मळमळलं, मग ते थांबलं. आज वर्ष झालं. त्रास संपला असं ती म्हणत नाही. पण वहीतले चार-पाच आता एक-दोनवर आलेत, आणि गॅलरीत ती तुळशीला पाणी घालते.

एक आक्षेप मात्र मला खरोखर विचार करण्यासारखा वाटतो. माझी एक जुनी सहकारी म्हणाली, "हे असं लिहून तू पुरुषांच्या हातात कोलीत देतेस. उद्या म्हणतील, बायका महिन्यातले आठ दिवस भरवशाच्या नसतात." भीती खोटी नाही. पण ते आत्ताही म्हणतातच की! मुंजीतला विनोद काय होता? गप्प बसून ते थांबलं नाही, फक्त उपचार थांबले. दम्याच्या माणसाला पंप मिळतो, त्याला कुणी बिनभरवशाचा म्हणत नाही. शिवाय दुसरी बाजूही आहे. बाई एखाद्या खऱ्या अन्यायावर चिडली की "तारीख जवळ आली का?" म्हणून तिचं म्हणणं उडवून लावतात. वहीचा तिथेही उपयोग आहे. कुठला राग आजाराचा आणि कुठला हक्काचा, हे निदान तिचं तिला कळतं.

शेवटी माझा स्वतःचा एक हिशेब. नववीत माझ्या वर्गात एक मुलगी होती, मराठीत पहिली. दर महिन्याला काही दिवस बाकावर डोकं ठेवून बसायची, कुणी बोललं तर अंगावर यायची. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईने लिहिलं, "वर्तन असमाधानकारक." तिला हेच होत होतं असं मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही. पण रोज हजेरी घेणाऱ्या मला ते दिवस मोजावेसे वाटले नाहीत आणि तिला बाजूला घेऊन विचारावंसंही वाटलं नाही. दहावीनंतर ती कुठे गेली, मला माहीत नाही.

असो. तुमच्या घरात कुणी मुलगी, सून, बहीण दर महिन्याला अशी कोमेजत असेल तर उपदेश करू नका. एक वही द्या आणि दोन महिन्यांनी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं तर दुसरे डॉक्टर शोधा. आणि ती जिवाचं काही बोलली तर दोन महिने थांबू नका, त्याच दिवशी जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो.

त्या गृहस्थांची पुढच्या महिन्यात एका लग्नात गाठ पडणार आहे. या वेळी मी हसणार नाही. त्यांना एवढंच विचारीन, "कर्फ्यू असतो म्हणता, मग त्या आठ दिवसांत वहिनींना डॉक्टरांकडे किती वेळा नेलंत?"