केवळ चेंडू पुरेसा नाहीं

सन २००१ मध्यें नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांस भर पावसांत झोपडपट्टींतील मुलें फुटकी बादली लाथाडीत खेळतांना दिसलीं. त्यांनीं मुलांस चेंडू दिला. त्यांतूनच पुढें 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. सन २०१६ मध्यें तिला फिफा या जागतिक महासंघाचें विविधता-पारितोषिक मिळालें.

हें केवळ चेंडूचें यश, असें आम्हांस वाटत नाहीं. चेंडू चार दिवसांत फाटतो. रोज ठरल्या वेळीं मैदानावर येऊन, "काल कां आला नाहींस?" असें विचारणारें वडील माणूस लाभलें, म्हणजे उनाड मुलासही आपण कोणाला तरी हवे आहोंत असें वाटूं लागतें. नियम पाळण्याची गोडी त्यानंतरची.

खेळानें अभ्यास बुडतो, अशी पालकांची भीति असते. ती अगदींच निराधार नव्हे. परंतु वेळ बांधून देणें हा तिच्यावरील उपाय होय, मैदान बंद करणें हा नव्हे. शाळा सुटतांच शाळांचीं मैदानें ओस पडतात आणि कुंपणाबाहेर मुलें रस्त्यावर खेळतात. सायंकाळीं एक तास हीं मैदानें शेजारच्या मुलांमुलींस खुलीं करावींत, व पालकांनीं पाळीपाळीनें तेथें उभें राहावें, एवढीच आमची विनंति आहे.