मेंढरांची वाट अडवून कसला विकास?

पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा शिरूर तालुक्यातला अवर्षणाचा पट्टा. दौंडकडे कालव्यावर ऊस उभा राहतो; इथल्या माळाला पावसाचाच आधार. म्हणून हा माळ रिकामा आहे, त्यावर सौरप्रकल्प आणा, असा आग्रह धरला जातो.

माळ रिकामा नाही. कुसळी गवत, बोरी, हिवर यांवर धनगरांची दख्खनी मेंढरं जगतात. त्यांचा वाडा, म्हणजे कुटुंबांचा आणि कळपांचा फिरता तळ, दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतो, मृगाच्या सुमारास परततो. वाटेतले शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतात. एवढा व्यवहार ज्या जमिनीवर उभा आहे, ती निरुपयोगी ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

मोकळ्या चराईने माळ उजाड होतो, हा दुसरा आक्षेप. त्यामागे पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलेलं सामायिक कुरणाच्या नाशाचं चित्र आहे. पण त्यांचं कुरण बिननियमाचं होतं. माणसं सामायिक साधनं नियम घालून टिकवतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इथला नियम फिरण्याचा आहे: कळप पुढे सरकला की मागचं गवत फुटतं. वाट कुंपणांनी बंद केली, गायरान आक्रसलं, तर तीच मेंढरं थोड्या जागेत कोंडतात; मग उजाड माळाचा ठपका मेंढपाळावर! टांझानियात लोलिओंडो इथे २०२२ साली सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर जमीन संरक्षित क्षेत्र म्हणून आखून मासाई पशुपालकांची चराई बंद केली. तिथेही दोष चराईलाच दिला गेला.

'मग एका जागी राहा' हा सल्ला मला सर्वांत जास्त खुपतो. मुलांची शाळा बुडते हे खरं आहे, आणि ते दुःख मोठं आहे. त्यासाठी हंगामी वसतिगृहं हवीत, कळप मोडायला नको. राज्य सरकारची महामेष योजना वीस मेंढ्या आणि एक नर घ्यायला अनुदान देते. त्या मेंढ्यांनी चरायचं कुठे?

दिवसा वीज शेतकऱ्यालाही हवी, सौरप्रकल्पाला माझा विरोध नाही. पण सौर कृषी वाहिनी योजनेतल्या प्रकल्पांसाठी सरकारी जमीन वर्षाला एक रुपया नाममात्र भाड्याने मिळते, त्यात गायरानंही जातात. गायरान देण्याच्या ठरावाची ग्रामसभा वाडा कोकणात असताना भरली, तर त्याला संमती कशी म्हणायची? ती पावसाळ्यात, मेंढपाळ गावी असताना भरवा. महसूल अधिनियमाच्या कलम २२ खाली गुरचरणासाठी जमीन राखता येते. त्याच नोंदीत मेंढरांच्या वाटा, पाणवठे आणि मुक्कामाच्या जागाही चढवा. २००६ चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मानतो, पण आदिवासी नसलेल्या दावेदाराकडे तीन पिढ्यांच्या वनातल्या वास्तव्याचा पुरावा मागतो. सतत चालणाऱ्या वाड्याने तो कुठून आणायचा? वाटेवरच्या गावांची साक्ष त्यासाठी पुरावा म्हणून धरली पाहिजे.