निकेलला कशाला शिव्या घालता?

ट्रान्स फॅटचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "निकेल घालून बनवतात ना ते वनस्पती तूप, मग दुसरं काय होणार!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मंडळी, जरा प्रकरण समजून घ्या. तेल साधारण १५० ते २०० अंशांवर तापवायचं, निकेलची पूड टाकायची आणि हायड्रोजन सोडायचा. तेलातल्या एका दुहेरी बंधाला हायड्रोजनचे दोन अणू लागतात. पण हायड्रोजन तेलात विरघळतो अगदीच थोडा. बुडबुड्यातून तेलात, तेलातून निकेलच्या कणापर्यंत, असा त्याचा रखडत प्रवास. आपल्या भाषेत, सर्व्हर झकास पण कनेक्शन डायल-अपचं!

मग होतं काय, एक अणू जोडला जातो आणि दुसरा वेळेवर येतच नाही. शेवटी एक अणू निसटतो, बंध पुन्हा दुहेरी होतो, पण बऱ्याचदा उलट्या बाजूला वळून. हेच ते ट्रान्स फॅट. तापमान वाढवलं की अभिक्रिया सुसाट सुटते, पुरवठा मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणजे निकेल आणखी उपाशी, ट्रान्स आणखी जास्त. दाब वाढवला, जोरात घुसळलं की ट्रान्स कमी.

हे काही गुपित नव्हतं. वायू, द्रव आणि घन कॅटॅलिस्ट एकत्र येतात अशा रिअॅक्टरांवर रामचंद्रन आणि चौधरी यांचं अख्खं पुस्तक १९८३ सालीच आलं. चौधरी तर आपल्या पुण्याच्या एनसीएलचे!

मग निकेल उपाशी का ठेवलं? कारण ते सोयीचं होतं. भरपूर हायड्रोजन दिला तर स्टिअरिक वाढून तूप मेणचट होतं. उपाशी ठेवलं की छान रवाळ, घट्ट आणि तरी तोंडात विरघळणारं. खारी, नानकटाई खूश!

नुसतं जास्त घुसळून सगळं ट्रान्स गेलं नसतं, हे मान्य. पण किती होऊ द्यायचं ते तापमान आणि दाब ठरवणारा माणूस ठरवत होता, धातू नव्हे. २०२२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेल-तुपात २ टक्क्यांची मर्यादा आली, आणि इतकी वर्षं 'शक्य नाही' वाटणारं पाम तेलाच्या मिश्रणांनी वगैरे जमायला लागलं. निकेल तेच आहे हो, बदलला तो नियम.

तेव्हा पुढच्या वेळी शिव्या द्यायच्याच असतील तर पत्ता नीट लिहा!