परिस्थितीजन्य पुरावा आणि आपण

जुळे सोलापुरात घरे बांधलेल्या अनेक बौद्ध कुटुंबांचे भाऊबंद आजही मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या खेड्यांत राहतात. तेथे आपल्या माणसावर घाला पडला की पहिला प्रश्न उभा राहतो : साक्ष कोण देणार? पाहणारे पुष्कळ असतात. परंतु ज्याच्या शेतावर पोट चालते त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहणे सोपे नव्हे. खर्डा येथे 2014 साली 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

याउलट सोनई. 1 जानेवारी 2013 रोजी तेथे तिघा दलित तरुणांची हत्या झाली. हत्या डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नव्हता. तरीही जानेवारी 2018 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्यावर सहा जणांस फाशी सुनावली. सातव्यास मात्र सोडले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने आणखी एकास सोडले. हे काहींना रुचणार नाही. आम्हांस ती न्यायाची रीतच वाटते.

1984 साली सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यासाठी पाच अटी घातल्या आणि त्यांना ‘पंचशील’ हेच नाव दिले! प्रत्येक परिस्थिती आधी पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे. ‘असावे’ आणि ‘आहेच’ यांत अंतर आहे. ती निर्णायक असावी, आरोपीच्या अपराधाशीच जुळावी, दुसऱ्या कोणत्याही शक्यतेस वाव ठेवू नये, आणि साखळी कोठेही तुटू नये. संशय कितीही दाट असो, तो पुरावा होत नाही. ही कसोटी आपल्याविरुद्ध नाही. फाशी झालेल्या भटक्या जमातीच्या सहा जणांस सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली निर्दोष ठरविले, तोवर त्यांची 16 वर्षे तुरुंगात गेली होती. संशय प्रथम कोणाचे दार ठोठावतो, हे आपणांस सांगावयास नको.

साखळीचे दुवे न्यायालयात घडत नाहीत; ते पहिल्या दोनचार दिवसांत हाती येतात किंवा कायमचे नष्ट होतात. धम्मदीक्षा घेतली म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण जात नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. या कायद्याखालील तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करावयाचा नसतो. 1 जुलै 2024 पासून झडती व जप्तीचे चित्रीकरणही आवश्यक झाले आहे. मोर्चा अवश्य काढावा. परंतु त्याच दिवशी विहारातील दोन शिकलेल्या तरुणांनी त्या गावी जावे, फिर्यादीची विनामूल्य प्रत मागून घ्यावी, तीत वेळ कोणती लिहिली, रक्ताळलेले कपडे सीलबंद झाले काय आणि पंचनाम्यावर कोणाच्या सह्या आहेत, हे पाहावे.