गोल्फ क्लबवर नसलेला गोल्फ

नाशिककर ज्याला सरसकट ‘गोल्फ क्लब’ म्हणतात, ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने झाले, चालायला येणाऱ्यांची गर्दी असते. गोल्फ मात्र कुणी खेळत नाही. आपल्यासारख्या घरांना तो परवडणारही नाही. पण त्याचा एक गरीब भाऊ आहे, डिस्क गोल्फ. त्याला मोकळं मैदान नको, झाडीच बरी.

चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती, खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्यांची टोपली. चकती पडेल तिथून पुढची फेक. कमी फेकींत टोपली गाठेल तो जिंकला. एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत या खेळाचा पहिला कायमचा कोर्स आखला.

मोहल्ल्यातल्या छोट्या, झाडीच्या कोर्सवर लांब फेकणाऱ्याची मिजास चालत नाही. दोन खोडांमधली फट हेरायची आणि मनगटाला झटका द्यायचा. जाड काठाची, संथ जाणारी एकच चकती पुरते. सातवीतली मुलगी थोरल्या भावाला सहज हरवू शकते.

आणि माझा सगळा जीव इथेच अडकलाय. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपण तिचं मैदान बंद करतो, मग डॉक्टरांकडे ‘हिला दम का लागतो’ विचारतो! इथे संघ जमवायला नको. असरनंतर अम्मी, फुफी आणि ती, तिघी पुरेत. टोपली नसेल तर खांबाला फडकं बांधा. चकती त्याला लागली की झालं. फक्त वाटेवर कुणी असेल तर हात आवरा, ही चकती चांगलीच टणक असते.